साहेबांना नाही म्हणायला सहा

सिविल लाइन्समधले आमचे एक शेजारी आठवडाभर कारकुनी करतात आणि रविवारी राज्यं वसवतात. टेबलाभोवती बसून कोणी योद्धा व्हायचं, कोणी चोर, आणि फासा टाकून साहसं करायची, असा त्यांचा खेळ. कुठलं कौशल्य किती अवघड, ते त्यांनीच ठरवलंय. तलवार चालवायला तीन पडले तरी पुरतात. "वो तो कोई भी सीख लेगा, भैया!" वहिनींचा आग्रहाचा लाडू नाकारायला पाच लागतात. साहेबांना नाही म्हणायला मात्र सहाच हवेत.

गेल्या रविवारी माझा योद्धा अजगराच्या तोंडात असताना त्यांचा फोन वाजला. साहेबच. दर रविवारी हा फोन येतो आणि हे डाव अर्धा टाकून साहेबांच्या कामासाठी चिरगाँवची बस पकडतात.

वहिनी म्हणाल्या, "टाका ना फासा! नियम सगळ्यांना सारखे."

शेजाऱ्यांनी फासा कपाळाला लावून टाकला. सहा! आम्ही टाळ्या पिटल्या. त्यांनी ऐटीत फोन उचलला.

"जी सर... जी सर... बस, निकल ही रहा हूँ."

मग बूट घालता घालता ते फाशाकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, "नियमच चुकलाय माझा. याला दोन फासे लागतील."