सुबाभळीचं बी आणि खाली न उतरवलेलं पातेलं

श्रीगोंद्याजवळच्या एका नर्सरीत मी सुपरवायझर आहे. शेतकीची पदवी आहे, आणि तिचा तोरा तेव्हा फार होता.

शेळ्यांच्या चाऱ्यासाठी सुबाभळीच्या रोपांची ऑर्डर आली होती. या बियांचं कवच इतकं टणक, की नुसतं भिजत घातलं तर पाणी आत शिरत नाही. गरम पाण्याचा चटका बसला की कवच सैल होतं आणि बी जागं होतं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पिशव्या भरणाऱ्या मावशींनी ते वर्षानुवर्षं हातानं केलेलं.

"म्याडम, उकळी आली का पातेलं खाली उतरवा, मंग बी टाका," त्या म्हणाल्या. "जाळावर ठिवू नका, शिजून जाईल."

"मावशी, मला शिकवू नका," मी फटकन म्हटलं. चटका जास्त तर उगवण चांगली, हा माझा दीडशहाणपणा. गॅसवरच्या उकळत्या पाण्यात सगळं बी ओतलं आणि चांगली दहा मिनिटं ठेवलं.

पंधरा दिवस झाले तरी एका पिशवीत कोंब दिसेना. बी उकरलं तर बोटाला नुसता लगदा. मालक भडकले, "कुणी केला हा उद्योग?"

"मावशींनी पाणी जास्त तापवलं," मी म्हणाले.

मावशी समोरच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ऊसतोडीला गुडघे साथ देत नव्हते, सावलीतल्या याच कामावर त्यांचं घर चालायचं, हे मला पुरतं माहीत होतं. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." तरी मी गप्प. जळली मेली माझी जीभ!

नवं बी आलं. या वेळी पातेलं खाली उतरवलं, मगच बी टाकलं. थोड्याच दिवसांत पिशव्या हिरव्या झाल्या. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात शिक्षण!" आणि मी चक्क हसले. आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा आठवडी बाजारात मावशी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन उन्हात बसलेल्या दिसल्या. तोंड चुकवून निघणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"म्याडम, दुसरं बी उगावलं का?"

"उगवलं."

"पातेलं खाली उतरवलं हुतं ना?"

"हो, मावशी."

"बरं केलं." त्यांनी जुड्यांवर पाणी शिंपडलं. "मंग मालकाला सांगितलं का, आधी कुनी उतरवलं नव्हतं ते?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.