टिकलीखालची खिडकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि माझ्या पोटात तर शेजारणीची करपलेली फोडणीसुद्धा संध्याकाळपर्यंत राहत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कारंजाच्या बसस्टँडसमोर आमचं किराणा दुकान. माझी नणंद शोभा नागपुरातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली. तिनं साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर जुळवला — दोन ओळींचा पडदा, सोळा बटणं. ती सोल्डरिंगचे डाग द्यायची, मी तारा धरायची. बटण दाबलं की पुढची एसटी किती वाजता, ते दिसणार होतं. दुकानात दिवसभर लोक हेच तर विचारत! मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले होते — हे चाललं तर नागपूरला नोकरीला जा. नाही तर पाहुणे बोलावतो.

गाड्यांच्या वेळा भरलेल्या त्यातल्या चिपला वर काचेची इवली खिडकी होती. शोभानं माझ्याच कपाळाची टिकली काढून तिच्यावर चिकटवली. "वहिनी, हे काढजो नको. आठ दिवस ऊन लागलं का सारं विसरते हे."

मग ती आठ दिवस मावशीकडे गिरडला गेली. आणि मी — केवढी हुशार समजायची स्वतःला! — टिकली सोलली, चिप काढली, गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवली. मे महिन्यातलं आपलं ऊन. रोज कुरडया उलटायला जायची. रोज उचलता आली असती.

का केलं? ती गेली तर पोळ्या एकटीला लाटाव्या लागतील, असं मनाशी म्हणायची. पोळ्या! पोळ्यांसाठी कुणी एवढं करतं? तिला जाता येत होतं — तेच सोसलं नाही.

चिप बसवली, टिकलीही जागच्या जागी. मामाजींसमोर शोभानं बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या काळ्या चौकटी. नागपूरला जाऊन चिप पुन्हा भरून आणते म्हणाली. ते म्हणाले, पाहिलं एकदा. स्वयंपाकघरात येऊन ती बसली. "माहंच चुकलं कुठंतरी, वहिनी. मले नाई जमलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जाऊ दे नं बाई, म्हटलं. हो — हाही तोच हात.

पावसाळ्याआधी तिचं लग्न झालं. आता नातवंडं आहेत तिला. मोबाइल अडला की हसत त्यांच्याकडे देते — मले नाई जमत बापा, एकदा पाहिलं करून.

जमलं होतं. ती गिरडला गेली त्या सकाळी मी एकटीनं बटण दाबून पाहिलं होतं. नागपूर, सव्वादहा. आणि सव्वादहाला गाडी आली होती.