शेवंताचं दुखणं

राहू गावच्या साखरबाईला डॉक्टर या प्राण्याचा मनापासून तिटकारा होता आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. वांगी-काकडीच्या पाट्या बाजारात नेऊन भल्याभल्या व्यापाऱ्यांना सरळ केलेली बाई. गुडघा दाखवायला दौंडच्या एका दवाखान्यात गेली, तर समोरच्या पोरसवदा डॉक्टरनं ती बसायच्या आत गोळ्या लिहायला घेतल्या. साखरबाईनं त्याला असा फैलावर घेतला की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली.

त्यात डॉ. अनुपमाही होत्या. शरीराच्या दुखण्याचं आणि मनाच्या दुखण्याचं, दोन्ही शिक्षण घेतलेल्या बाई. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या डॉक्टरांना त्या दीड वर्षं तेच शिकवत होत्या: एकाच माणसाचं अंगही बघायचं, मनही बघायचं. परीक्षेला त्यांना रोग्याचं सोंग घेणारं कुणीतरी हवं होतं. "रोगी व्हायचं, आणि डॉक्टरला पास-नापास तुम्हीच करायचं," असं म्हटल्यावर साखरबाईचे डोळे लकाकले. डॉक्टरला नापास करायला मिळतंय म्हटल्यावर ती चालतही आली असती.

"पर दुखणं माझ्या भनीचं सांगंन," ती म्हणाली. "दुसरं मला येत न्हाई."

धाकटी बहीण शेवंता शिरूरकडं न्हावऱ्याला दिली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलं, वर्षभर पुण्याच्या गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. पण सासऱ्यानं पुण्याच्या डॉक्टरचा तो जुना कागद फाइलीत सगळ्यात वर लावून ठेवला. पुढं काही वर्षांनी शेवंताची छाती धडधडायला लागली, झोप उडाली, चार घास जास्त खाऊनही अंग वाळत चाललं. सासरा तिला गावाजवळच्या डॉक्टरकडं घेऊन जाई. आत तोच बोले. शेवंता सासऱ्यासमोर पदर गळ्याशी आवळून बसे, आणि त्या पदराखाली गळा सुजलेला होता. सासऱ्यादेखत सुनेचा पदर बाजूला करा म्हणायचं डॉक्टरला जमलं नाही. त्यानं वरचा कागद वाचला आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

तिसऱ्या खेपेला साखरबाई सोबत गेली. तिला बाहेर बसवलं. डॉक्टर दारापर्यंत आला आणि चारचौघांत म्हणाला, "हिला काही झालेलं नाही. सगळं मनाचं आहे. कामाला लावा, आपोआप बरी होईल."

कामाला लावली. कांद्याच्या रानात ती कोसळली, पुण्याला नेली आणि तिसऱ्या दिवशी गेली. गळ्यातली गाठ वाढून काळजावर ताण आला होता, वेळेत कळलं असतं तर औषध होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. चार वर्षं साखरबाई एकाच गोष्टीवर तग धरून होती: शेवंताच्या डॉक्टरला काही येतच नव्हतं. गाढव होता. गाढवाला काय बोलायचं.

परीक्षेला दवाखान्याचा वॉचमन ज्ञानू सासरा झाला. साखरबाई गळ्याशी पदर आवळून बसायची. डॉ. अनुपमांच्या हातात चिठ्ठ्या असत: नाडी किती, गळ्याला सूज, हाताला कंप. पण ज्यानं नाडी धरली त्यालाच नाडीची चिठ्ठी, ज्यानं गळा बघितला त्यालाच गळ्याची. सकाळपासून सात डॉक्टर आले. सहा जण ज्ञानूशीच बोलले. एकानं तिला फार गोड आवाजात मन मोकळं करायला सांगितलं, हात मात्र लावला नाही. साखरबाईनं सातही जण नापास केले आणि तिला अगदी जेवल्यासारखं वाटलं.

आठवा आत आला आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. डॉ. सत्यजीत थोपटे. न्हावऱ्याकडचा. तोच.

त्यानं तिला ओळखलं नाही. नमस्कार करून खुर्ची ओढली. साखरबाईनं तेव्हाच मनात शिक्का मारला: नापास. ज्ञानूनं नेहमीसारखा वरचा कागद पुढं सरकवला. "हिचं जुनंच हाय साहेब. डोक्याचं."

थोपट्यांनी कागद बाजूला ठेवला. "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा. मी यांच्याशी बोलतो."

नर्स प्रगतीला त्यांनी आत बोलावून घेतलं. साखरबाईला बोलू दिलं, मधे तोंड घातलं नाही. जुन्या आजाराचं विचारलं, जीव नकोसा होतो का तेही विचारलं. मग मनगट धरून घड्याळाकडं बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. तिला हात पुढं करायला लावून कंप बघायला बोटांवर कागद ठेवला. शेवटी म्हणाले, "ताई, पदर जरा सैल करा. गळा बघायचाय. पाणी गिळा."

तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्या हातात पडल्या. "हे नुसतं मनाचं नाही," ते म्हणाले. "थायरॉइड वाढलाय, हृदयावर ताण आहे. आजच ॲडमिट करायचं."

शेवंतासाठी जे वाक्य ऐकायला साखरबाईचा जीव आसुसला होता, ते चार वर्षांनी, त्याच तोंडून, तिच्या सोंगाला मिळालं.

"छान," डॉ. अनुपमा म्हणाल्या. "हे आमच्या इथं शिकलात?"

"नाही मॅडम, हे तर कॉलेजातच शिकवतात," थोपटे मोकळेपणानं हसले. "पण मानसिकचा पेशंट म्हटलं की हात लावायचं राहून जातं. तेवढी सवय इथं मोडली."

साखरबाईनं ते नीट ऐकलं. म्हणजे येत होतं. गाढव नव्हता. सगळं येत होतं, आणि शेवंताच्या अंगाला हात लावायचं तेवढं राहून गेलं होतं. चार वर्षांचा तिचा एवढासा आधार या हसऱ्या माणसानं काढून घेतला.

"न्हावऱ्याची शेवंता," ती म्हणाली. "सासऱ्यासंगं यायची. तीनदा आलती. आठवती का?"

थोपट्यांचं हसू मावळलं. ते आठवू लागले. कपाळाला आठ्या घालून, खरोखर मनापासून. "नाही हो," ते शेवटी म्हणाले. "रोज शंभर पेशंट असतात."

तिनं पास-नापासचा कागद पुढं ओढला. डॉक्टरांनी तुमचं ऐकलं का? तपासलं का? खोटं लिहायची तिला सवय नव्हती. तिनं दोन्ही ठिकाणी हो केलं आणि पेन डॉ. अनुपमांपुढं ठेवलं.

"पास केलंय बाई ह्यास्नी," ती म्हणाली. "माफ न्हाई केलं. त्ये कुठं लिवायचं त्येवढं सांगा."