शंभरातून सात

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळ. नाशिकला ताईच्या फ्लॅटमध्ये उपस्थित: ताई, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली, आमच्यात थोरली; मनमाडहून आलेला, रेल्वेत असलेला धाकटा भाऊ; ताईला बोलायला शिकवायला दवाखान्यातून येणारी वाचा-उपचारवाली मुलगी; आणि मी, मधली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. विषय एकच: ताईनं यापुढे कुठं राहायचं.

पक्षाघातानं तिची उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं. उरला होता एकच शब्द, ‘हो’.

“ताई, चलतेस ना मनमाडला?” भावानं विचारलं.

“हो.”

“बघ! म्हणाली.”

“इथंच राहायचंय ना, ताई?” मी विचारलं.

“हो.”

“अरे, ती पंखा लावू का म्हटलं तरी हो म्हणते आणि बंद करू का म्हटलं तरी हो,” मी भावाला म्हणाले.

“मग विचारायचंच कशाला? छोटी ताई, तू सकाळ-संध्याकाळ इथं पळतेस, गुडघ्याला पट्टा बांधून. तुझ्या त्या कामांच्या याद्यांनी किती दिवस चालणार? हिला काही कळत नाहीये.”

हे तो ताईसमोरच बोलला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

वाचा-उपचारवाल्या मुलीनं तिची नेहमीची तपासणी सुरू केली. “मॅडम, शंभरातून सात वजा करा. आलेल्या उत्तरातून परत सात. असं करत राहायचं. बोटांनी दाखवलंत तरी चालेल.”

ताईनं डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

“नाही मॅडम, त्र्याण्णव,” मुलगी हळूच म्हणाली आणि कागदावर फुली मारली.

मला ते दोन ओळखीचे वाटले. फोनवरून पाठवलेले पैसे मधल्यामध्ये कुणी पळवत कसं नाही, असं मी ताईला एकदा विचारलं होतं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली होती, “दहा वाजल्यावर पाच तास गेले की तीन वाजतात. पंधरा कुणी म्हणत नाही. बाराचे गठ्ठे फेकायचे, बाकी ठेवायची. आता नुसत्या तीनवरून सांग, एकूण किती तास गेले?”

“कसं सांगणार? तीन, पंधरा, सत्तावीस, काहीही असेल.”

“तसंच काहीसं. बँक दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करते. तेच कुलूप, कुणीही लावावं. तुझ्या निरोपाची संख्या तिच्या स्वतःशीच पुन्हा पुन्हा गुणायची, त्या गुणाकारानं भागायची आणि बाकी तेवढी पाठवायची. उलट फिरायला त्या दोन मूळ संख्या लागतात, आणि अवयव पाडून त्या शोधायला जन्म पुरणार नाही.”

शंभरातून सातचे गठ्ठे काढले की दोन उरतात. ताईनं एकेक पायरी उतरायच्या ऐवजी तळच दाखवला होता. मी ते दोघांना सांगितलं.

“योगायोग आहे,” भाऊ म्हणाला.

“मग तू विचार.”

त्यानं थोडा विचार केला. “ताई, दोनशे. तेरा-तेरा काढत जा.”

ताईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं पूर्ण पंजा उघडला. भावानं फोनवर हिशोब केला, पुन्हा केला. “आयला, पाचच उरतात!”

तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. मुलीनं फुली खोडली.

मी ताईचा उजवा हात धरला. मला उत्तर माहीतच होतं. न्हाणीघरात धरायच्या दांड्या, दिवसभराची बाई, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. “ताई, मनमाडला जायचं असेल तर सम संख्या दाखव. इथंच राहायचं असेल तर विषम.”

दोन बोटं.

“मघाचीच असतील,” मी म्हणाले. “आता उलट. इथं राहायचं असेल तर सम. मनमाडला जायचं असेल तर विषम.”

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि तीन बोटं दाखवली.

भाऊच म्हणाला, “मला वाटलं होतं, नाहीच म्हणेल.”

आठवड्याभरात सामान गेलं. औषधांचा डबा मी स्वतः भरून दिला, फ्लॅटचं वीजबिल माझ्या नावावर घेतलं, दांड्यांची ऑर्डर रद्द केली. ताई मनमाडला पुढच्या खोलीत असते, नीट जेवते. मी दर रविवारी जाते. एक काम तेवढं प्रत्येक यादीतून पुढच्या यादीत जातं. तिला विचारायचं आहे, “ताई, माझ्या गुडघ्यासाठी गेलीस का?” सम किंवा विषम, एका हातावर उत्तर मिळेल. अजून विचारलेलं नाही.