न वाळवलेला दोर

बंदरावर त्याला सगळे खरवड्या म्हणत. नाव काही फार आदराचं नव्हतं, पण कामाला चपखल बसायचं. धक्क्याला जागा मिळेपर्यंत मालवाहू जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहतात. तेवढ्या वेळात हा पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांच्या पोटाखाली उतरायचा आणि रुंद पात्याने तळाला धरलेलं शेवाळ, गवत, दगडासारखे घट्ट बसलेले शंख-शिंपले खरवडून काढायचा. तळाला घाण धरलेलं जहाज हळू चालतं आणि तेल जास्त पितं, म्हणून कप्तान लोक त्याची वाट बघत. खाली अंधार, डोक्यावर अवाढव्य लोखंड आणि कानात स्वतःच्याच श्वासाची घरघर. असं त्याने तीस वर्षं केलं. पाण्याखाली बोलायची सोय नसते, आणि ती सवय वर आल्यावरही सुटली नव्हती. अख्ख्या दिवसात त्याच्या तोंडून दहा वाक्यं बाहेर पडली तर लोक म्हणत, आज स्वारी खुशीत दिसतेय.

त्याला खरवड्या न म्हणणारी माणसं दोनच, थोरला भाऊ आणि वहिनी. वहिनी 'भावजी' म्हणायची. दादा 'बाळ' म्हणायचा. पन्नाशीला टेकलेला, दारातून तिरका होऊन आत शिरणारा हा आडदांड गडी, आणि धक्क्यावरून दादाची हाक यायची, "बाळ, अरे डबा विसरलास!" नावेतले लोक खिदळायचे. हा मान खाली घालून डबा घ्यायचा. पण ती हाक आली नाही, तर याचा दिवस सुरू होत नाही, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आईबाप एकाच वर्षात गेले, तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि दादा एकोणीसचा. दादाने त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपला. स्वतःचं लग्न लांबवलं, आणि शेवटी मुलगी बघायला गेला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला, तर "माझ्यासोबत एक बाळ आहे, ते सांभाळावं लागेल." मुलगी बिचकली. लग्न होऊन घरी आली आणि बघते तो बाळाला मिसरूड फुटलेली. "अगंबाई, हे बाळ?" म्हणून ती जी हसत सुटली, ती पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगताना तशीच हसायची. खरवड्याने स्वतः लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बाळाचं कुठे लग्न करतात?"

बापाने मागे ठेवलं होतं ते एकच, खाडीतली कालवांची, म्हणजे खायच्या मोठ्या शिंपल्यांची शेती. खाडीत तीन मैल आत, जिथे जहाज सोडाच, मोठी नावही जात नाही, तिथे पाण्यावर लाकडी तराफे बांधलेले. तराफ्यांना दोर टांगलेले, आणि दोरांना धरून कालवं वाढायची. दरवर्षी ठरावीक दहा-बारा दिवसच कालवांची कणभर पिल्लं पाण्यातून वाहत येतात आणि मिळेल त्याला चिकटतात. त्या दिवसांत दोर पाण्यात हवेत, नाहीतर वर्ष हातचं गेलं. आणि बापाचा एक नियम होता. परक्या पाण्यातला दोर पंधरा दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय आपल्या पाण्यात घालायचा नाही. का, असं विचारलं की म्हातारा म्हणायचा, "पाण्याला पाणी बाधतं." एवढंच. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाचं बोलणं. दादाने मात्र ते आयुष्यभर पाळलं.

पूर्वी इथे जहाजं यायची ती थंड समुद्र ओलांडून, महिना दीड महिना वाट तुडवत. तळाला चिकटलेलं निम्मं वाटेतच मरायचं. पात्याखाली ती कवचं वाळक्या पोळीसारखी कुरकुरायची. मग लांब कुठेतरी व्यापाराची गणितं बदलली आणि एका उष्ण आखातातून थेट जहाजं सुरू झाली. नऊ दिवसांत इथे हजर. जहाजं दुप्पट झाली, धक्का तेवढाच राहिला. तीन-तीन आठवडे ती रांगेत तिष्ठत उभी राहू लागली. खरवड्याला काम उदंड झालं. पण पात्याखाली आता कवचं कुरकुरेनात, चिवट धरून बसू लागली. त्यांत एक नवीनच शिंपली होती, नखाएवढी, तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. छान दिसते बुवा, असं त्याला वाटलं. जगाच्या पाठीवरून जहाजाच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करणाऱ्या त्या पाहुणीला त्याने खरवडून खाली सोडून दिलं, जसं सगळ्यांनाच सोडत होता.

त्या वर्षी वादळ झालं आणि दादाचे निम्मे दोर तुटून गेले. पिल्लं यायचे दिवस सुरू झालेले. दादा तराफ्यावर डोक्याला हात लावून बसला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात खरवड्याला एका जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर कापून काढायचं काम मिळालं. दोर कसला, सोनंच. मनगटाएवढा जाड, न कुजणारा, पन्नास वाव, म्हणजे तीनशे फूट तरी असेल. कप्तान म्हणाला, घेऊन जा. दोरावर त्या पट्टेवाल्या शिंपल्या होत्या. याने दिवसभर बसून एकूणएक खरवडली, निदान त्याला तसं वाटलं. पिळाच्या आत मोहरीएवढ्या किती बसल्या होत्या, ते त्याला दिसलं नाही.

नावेत दोर घालून तो खाडीत गेला. जन्मभर ज्याच्याकडून घेतलं, त्याला द्यायला पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी होतं. दादाने दोर हाताने चाचपला, त्याचे डोळे भरून आले.

"वाळवलास ना रे बाळ?"

पिल्लांचे चारच दिवस उरले होते. पंधरा दिवस कुठून आणणार?

"हो," खरवड्या म्हणाला.

त्यात कपट नव्हतं. भावाचं वर्ष वाचावं एवढंच होतं. तरी ते खोटं होतं, आणि दादाशी तो त्याआधी कधी खोटं बोलला नव्हता. म्हणून तर दादाने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पहिल्या वर्षी त्या दोरांना कालवं अशी लगडली की दादा येईल-जाईल त्याला सांगायचा, "बाळाने आणलेल्या दोराचा गुण." दुसऱ्या वर्षी कालवांच्या मधून पट्टेवाल्या शिंपल्या दिसू लागल्या. बोट दिलं की मनगट धरणारी ही जात. तिसऱ्या वर्षी तिने तराफे, खांब, दोर, सगळं झाकून टाकलं. कालवांवर थरावर थर. त्यांना तोंड उघडायला जागा राहिली नाही, ती आतल्या आत मेली. उघडून बघावं तर काळा चिखल आणि वास. शेजारच्या अकरा घरांच्या तराफ्यांचीही तीच गत झाली. दादा धाकट्याचं पातं मागून घेऊन दिवस दिवस खरवडत बसायचा. एकदा काढलं की महिन्याभरात पुन्हा तेवढंच. त्याच्या बोटांच्या चिरा भरून येईनात. खरवड्या ते बघायचा आणि त्याला जेवण जायचं नाही. आपला दोर, की नुसतीच जहाजं? खात्री कशाचीच नव्हती, आणि तेवढ्या आधारावर तो गप्प राहिला.

मग समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या एक बाई आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की कोणतं जहाज कुठून आलं आणि त्याच्या तळाला काय होतं, हे खरवड्या रोज वहीत उतरवतो. त्या दादाच्या घरी आल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, वहिनीने चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. नकाशावर जहाजांच्या वाटा होत्या, काही दोऱ्यासारख्या बारीक, काही बोटभर जाड.

"ही जाड रेघ बघा," बाई म्हणाल्या. "तिकडचं पाणी उबदार, इकडचंही तसंच. वाट नऊ दिवसांची. म्हणजे निघालेला जीव जिवंत पोचतो. शिवाय इथे आल्यावर तीन आठवडे एका जागी उभं राहायचं, म्हणजे पिल्लं सोडायला भरपूर वेळ. काही जहाजं तोल सांभाळायला पोटात भरून आणलेलं पाणीही इथेच ओततात. ही शिंपली आज ना उद्या येणारच होती."

खरवड्याच्या छातीवरचं ओझं जरा हललं. येणारच होती.

"फक्त एक कोडं सुटत नाही," असं म्हणून बाईंनी नकाशावरच्या लाल ठिपक्यांकडे बोट केलं. शिंपली इथल्या पाण्यात पहिल्यांदा कुठे कधी वाढलेली दिसली त्याच्या त्या खुणा होत्या. "सगळ्यात जुना ठिपका बंदरात असायला हवा. तो आहे खाडीत, तीन मैल आत, तुमच्या तराफ्याशी. बंदरात ती वर्षभराने वाढलेली दिसते. इथे तर जहाज येत नाही. तुम्ही बाहेरून काही आणलं होतं का? जाळं, दोर?"

"दोर आणला होता," दादा लगेच म्हणाला. "पण त्याचं नाव काढू नका. तो बाळाने पंधरा दिवस वाळवून दिला होता. आमच्या वडिलांचा नियम आहे. एक वेळ मी विसरेन, पण हा विसरायचा नाही."

वहिनीने कौतुकाने मान हलवली. खरवड्या टेबलाच्या कडेकडे बघत होता. गप्प राहणं त्याला किती सोपं होतं! गप्प राहण्यातच त्याचा जन्म गेला होता. पण दादाचा तो विश्वास त्याला सोसवेना.

"दादा, वाळवला नव्हता."

बाई घाईने म्हणाल्या, "अहो, एका दोराने काही होत नाही. तुम्ही नसता आणला तरी दोन-तीन वर्षांत..." पण दादाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"पंधरा दिवस," दादा म्हणाला. "नाही म्हणाला असतास तर एक वर्ष गेलं असतं रे. एकच."

तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत त्याने अकराही घरं गाठली. प्रत्येक दारात एकच सांगितलं, "माझ्या दोराने झालं, मला माफ करा." भावाचं नाव त्याने कुठेही घेतलं नाही. हे खरवड्याला शेजाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी तो पाण्याखाली उतरला आणि हवा संपत आली तरी वर यायचं त्याच्या मनात येईना.

तराफे मोडले, लाकूड सरपणाला गेलं. दादा आता बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर बसतो. खरवड्या अजून जहाजं खरवडतो, पण खाली काही सोडत नाही. सगळं जाळीच्या पिशवीत भरून वर आणतो आणि बाईंना देतो. त्यांच्या नकाशावरच्या खुणा आता दूरच्या चार बंदरांपर्यंत गेल्या आहेत, इथून निघणाऱ्या जहाजांच्या वाटांवरून. जहाजांच्या पंख्यांतून निघालेले दोर तो अंगणातल्या भिंतीवर वाळत घालतो. पंधरा दिवस मोजतो, मग गुंडाळून ठेवतो. ते टांगायला खाडीत आता काही नाही. वहिनी एकदा म्हणाली, "भावजी, कशाला हे?" तो बोटांवर दिवस मोजत राहिला.

दादा त्याला रागावला नाही. घराबाहेर काढला नाही. डबा आजही वेळेवर भरलेला असतो, दुखलंखुपलं तर औषध आणून देतो. लोक म्हणतात, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

काल दुपारी तो भिंतीवरचा दोर उलटा करत होता. आतून दादाची हाक आली, नेहमीच्या आवाजात, राग ना लोभ.

"खरवड्या, जेवायला चल."

त्याने दोर नीट पसरला, हात धुतले आणि जेवायला गेला.