परड आणि कडुनिंबाचा पाला

सुमनला परड (घोणस) चावली होती आणि तिचा सासरा तिला कडुनिंबाचा पाला चारत होता.

"कडू लागते काय, सुमन?"

"लागते, मामाजी."

"मंग जहर नाही चढलं. बसा सारे निवांत."

पाला गोड लागला तरच विष, ही इकडची पद्धत. सुमन माझ्या बहिणीची सून. तिला भेटायला मी पांढरकवड्याहून बस, मग ऑटो करून तेलंगणातल्या जैनथजवळच्या या गावी आले, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबत कापूस वेचायला शेतात गेले.

परड मी पाहिली होती. पाठीवर साखळीसारखी तपकिरी कडी. ती उंदरांमागे शेतात येते, वाळक्या पाल्यात पडून राहते, माणूस आला तरी पळत नाही. नुसती कुकरसारखी फुसफुसते. अंडी घालत नाही, जिती पिल्लं टाकते. मी ओरडले, पण सुमनचा पाय तिच्यावर पडून गेला होता.

"भाऊजी, ऑटो बोलवा," आता मी सुमनच्या सासऱ्याला म्हटलं.

"तुमी पाव्हण्या हाये, बाई. काऊन एवढ्या घाबरून राह्यल्या?"

"घाबरत नाही. पाय पाहा तिचा, गुडघ्यापर्यंत सुजला."

तेवढ्यात सुमननं चावलेला पाला थुंकला. हिरव्यात लाल होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. मग सगळे एकदम पळायला लागले.

ऑटोत आधीच कापसाची गाठोडी. ती उतरवताना ऑटोवाला कुरकुरला. वाटेत भाऊजी म्हणाले, "इथं मंत्र टाकणारा हाये, पाचच मिनिटं लागतात."

मी ऑटोवाल्याला म्हटलं, "थांबलास तर मी चावीन तुला."

तो थांबला नाही.

आदिलाबादच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "ए पामु?" (कोणता साप?) भाऊजी पाल्याची गोष्ट सांगू लागले. मी त्यांना बाजूला सारून परडीचं वर्णन केलं. सुमनचं रक्त काचेच्या नळीत ठेवलं, ते गोठेना, म्हणजे विष चढलं होतं. मग सलाईनमधून औषध सुरू झालं.

चार दिवस मी दवाखान्याच्या फरशीवर काढले. असा पाहुणचार कोणाला मिळू नये. पैनगंगा ओलांडून परत आले तेव्हा एवढंच वाटलं, की पाला चघळण्यात अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात सगळी शहाणी माणसं बसून होती. त्यांत थोडा वेळ मीही.

सुमनचा पाय अजून काळा आहे. ती वाचली.