आत्याला रेफर केली

आत्याला दम लागला तेव्हा मी शहापूरच्या शाळेत पेपर तपासत होते. तानसाकडच्या पाड्यावरून तिच्या शेजारणीचा फोन आला, "आत्याला दवाखान्यात आणलीय, लवकर ये गो."

आई गेल्यावर मला याच आत्यानं वाढवलं. तिला मूलबाळ नाही. त्यामुळे 'पेशंटबरोबर कोण आहे?' असं कुणी विचारलं की पुढं होणारी मीच.

डॉक्टर तरुण होते, तेही दमलेले. "छातीत पाणी झालंय. इथं सोय नाही. रेफर करतो."

शेजारणीनं लगेच पदर डोळ्यांना लावला. शहापूर असो की मुरबाड, आमच्याकडे 'रेफर केला' म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज खाली येतो. माणूस आता काही परत येत नाही, असाच त्याचा अर्थ.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आत्यानं विचारलं, "रेफर म्हंजे काय गो? तू तर इंग्रजीची बाई."

"मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतात."

"म्हंजे यांच्यानं नाय होनार."

पुढच्या दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. पुन्हा रेफर. दुसरी गाडी येईपर्यंत आत्या स्ट्रेचरवर आणि मी शेजारच्या बाकावर. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मोबाइलवर तो शब्द काढला. इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं, रेफर म्हणजे संदर्भ पाहणे. शब्द मुळात लॅटिन निघाला. 'रे' म्हणजे परत, 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं.

आत्याला सांगितलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "परत न्यायचं? मग ने ना मला. लय कंटाळा आला."

"असं नको बोलूस."

"आता तूच तर म्हनलीस."

मी तिचे पाय चोळत बसले. घरी तर मलाही जायचं होतं.

शेवटी मुंबईत खाट मिळाली. छातीतलं पाणी काढलं, गोळ्या सुरू झाल्या. मी तिच्या खाटेखाली चादर पसरून झोपायचे आणि उठले तरी झोप झाल्यासारखं वाटायचं नाही. सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी पुन्हा होऊ शकतं, तपासणी चुकवू नका.

पाड्यावर जीप थांबली तशा बायका गोळा झाल्या. एकीनं आत्याचा हात दाबून पाहिला. शेजारीण ओरडलीच, "रेफर झालेलं मानूस चालत आलं गो!" मग तिनं घाईघाईनं आपलं खुराडं उघडलं. आत्याच्या कोंबड्या तिकडे गेल्या होत्या. त्या एकेक बाहेर येताना आत्यानं मोजून पाहिल्या.

आत गेल्यावर तिनं पेज मागितली. मी चुलीपुढं बसले, लाकडं लावली. काडी ओढायचंही जिवावर आलं. भिंतीला टेकले ती तशीच. थोड्या वेळानं शेजारीणच पेजेचं पातेलं घेऊन आली. आत्याला एक ताटली वाढली आणि न विचारता दुसरी माझ्या पुढ्यात ठेवली.